धुऱ्यावरचा सातवा खुंटा

४ जून, मंगळवार

सुनेनं अन् नातीनं मिळून ही डायरी माझ्या गळ्यात घातली. खदानीत वाटून उरलेली आहे. जानेवारीपासूनची सारी पानं कोरी. खुशबू म्हणे, "आजी, तू दिवसभर बोलते, आईचं डोकं उठते. अर्धं इथं लिहत जा." म्हटलं, बरं. डायरी उलटून बोलत नाही, एवढा तिचा गुण.

मी तिसरी शिकली. चौथीत बसली तेवढ्यात धाकटा भाऊ झाला अन् त्याले खेळवाले मले घरी ठेवलं. तो बपेऱ्याले मास्तर होऊन रिटायर झाला. मले अजून जोडाक्षर अडते.

लिहासारखी गोष्ट एकच आहे. माझी नात खुशबू खदानीच्या सर्वे ऑफिसात लागली. शिकाऊ म्हणून. दिवाळीपर्यंत काम पाहतीन, पटलं तर ठेवतीन, नाही तर घरी. आमच्याकडं मॅगनीज निघते, जमिनीच्या पोटातून, पार आमच्या धानाच्या बांध्यांच्या खालून. माझा पोरगा धनंजय तिथंच खाली कामाले आहे, छताले लोखंडी बोल्ट मारते. अन् त्याच्या पोरीनं वर राहून पाहाचं की खाली कोरल्यानं वरची जमीन बसून तर नाही राहिली. त्यासाठी वावरावावरातून सिमेंटचे खुंटे गाडले आहेत, ओळीनं. प्रत्येकाच्या डोक्यावर पितळेचं बटण. खुशबू रस्त्यावर दुर्बीण लावून उभी राहते, तिचा मदतनीस भुपेंद्र त्या बटणावर आकड्याची उंच पट्टी धरते, अन् ही दुरून आकडा वाचते. सातवा खुंटा आमच्याच धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आहे, बोडीच्या म्हणजे तळ्याच्या अंगाले.

धनंजय म्हणे, "पोरीच्या जातीले हे काम..." मी म्हटलं, "तुले कोणी विचारलं? तू छत पाह्य."

९ जून, रविवार

खुशबूले विचारलं, दगड कसा काय बसते वं? दगड म्हणजे काय पोळी आहे, फुगाले अन् बसाले?

तिनं माझ्या वाळवलेल्या गोदड्या उचलून आणल्या. अंगणात धान मोजाच्या चार पायल्या पालथ्या ठेवल्या, त्यावर गोदडीवर गोदडी रचली. म्हणे, "आजी, खाली दगड एकसंध नसते. थरावर थर असते. कुठं जाड, कुठं कागदासारखा पापुद्रा. माणसं मॅगनीज काढतात, पण मधे मधे खांब सोडतात. ह्या पायल्या म्हणजे खांब. वरच्या साऱ्या थरांचं वजन यांच्यावर."

मग तिनं मधली एक पायली ओढून घेतली. गोदड्या मधून झोलल्या. सगळ्यात खालची तर वरच्यापासून सुटून लोंबाले लागली. बाजूची पायली कलली.

"पाह्यलं? खांब काढला तर त्याचं वजन हवेत नाही जात. बाजूच्यावर जाते."

मी म्हटलं, "हे सांगाले गोदड्या कायले मळवल्या? तुहा आजा मेला तेव्हा पाह्यलं मी हे."

मग मी तिले गोदड्या झटकून घडी करून ठेवाले लावल्या.

२६ जून, बुधवार

खुशबू जेवली नाही. तिसरा खुंटा ट्रॅक्टरवाल्यानं मोडला. नववा कोणीतरी उपटून म्हैस बांधाले नेला. तिच्या साहेबानं, सुगत साहेब नाव आहे त्याचं, भंडाऱ्याचा पोरगा आहे, तिले सांगतलं की दोन्ही नवीन गाडून देतो, पण अजून एक गेला तर या ओळीच्या मोजमापाले काही अर्थ राहत नाही. अन् मोजमाप नाही तर मोजणारी कायले पाहिजे?

मी म्हटलं, गावाले समजावून सांग. म्हणे, "सांगतलं आजी. सरपंचानं चहा पाजला."

आमच्या धुऱ्याच्या कोपऱ्यावरच ट्रॅक्टर वळते. पुढचा नंबर सातव्याचाच आहे.

२८ जून, शुक्रवार

मी देवाधर्माची बाई नाही. हात जोडते, मागत काही नाही. मागून पाह्यलं होतं जवानीत.

पण गावाची अक्कल मले माहीत आहे. आमचा माणूस पाटी वाचत नाही, साहेबाले भीत नाही. सकाळी कोणी नसताना धुऱ्यावर गेली, सातव्या खुंट्याच्या डोक्याले शेंदूर माखला, दोन कण्हेरीची फुलं ठेवली अन् घरी येऊन भाजी चिरली.

२ जुलै, मंगळवार

ट्रॅक्टरवाला कोपऱ्यावर आला, खुंटा पाह्यला, इंजिन बंद केलं, हात जोडले, अन् दोन हात लांबून वळला. मी बांधीत पऱ्हे, धानाची रोपं, पाहत होती. हसू दाबता दाबता पोटात कळ आली.

खुशबूले सांगतलं. ती म्हणे, "आजी, तू माह्या खुंट्याचा देव केला!"

"खुंटा शाबूत आहे ना?"

"हाव."

"मग झालं तर."

पण पावसानं शेंदूर पार धुतल्या गेला. तिळाच्या तेलात टिकत नाही. मी आज जवसाच्या तेलात कालवून लावला. बैलबंडीच्या लाकडाले आम्ही तेच लावतो. वाळलं की दगडासारखं होते, दोन पावसाळे हालत नाही. म्हणजे मले रोज रोज जाणं नको.

१६ जुलै, मंगळवार

समोरच्या शकुनबाईले स्वप्न पडलं म्हणे. लाल डोक्याचा बाबा धुऱ्यावर उभा अन् म्हणते, मी तुमची बांधी राखतो. तिनं नाव पण ठेवून टाकलं, धुरेबाबा. मी म्हटलं, "शकुनबाई, रात्री वांगं खाल्लं होतं काय?"

"हसा मोठीबाई. जागृत आहे तो."

आता दर मंगळवारी ती तेल-शेंदूर लावते. येते पण कधी? खदानीचा भोंगा वाजते तेव्हा, दुपारची पाळी खाली उतरते तेव्हा. तिचा मोनू धनंजयच्याच टोळीत आहे. ज्या वेळी चूल पेटवाची त्या वेळी ही बाई धुऱ्यावर. वेळेचं भान नाही तिले.

मले विचारत होती, बाबाचा शेंदूर पावसात कसा काय टिकते? मी सांगून टाकलं, जवसाचं तेल.

३० जुलै, मंगळवार

धानाचा रोवणा सुरू झाला. पंधरा बाया बांधीत उतराच्या आधी धुरेबाबाकडं. एकीनं शेंदूर लावला की दुसरीले पण लावाचा असते. सगळ्यांच्या वाट्यांत जवसाचं तेल. मी म्हटलं, बाबाले गुदमरून मारता काय वं? कोणी हसलं नाही. नारळ मात्र चांगला होता, मी तीन तुकडे खाल्ले.

भुपेंद्र आता पट्टी धरताना चप्पल काढते. खुशबू दुर्बिणीतून ओरडली, "भाऊ, नीट टेकवा ना!" तर म्हणे, "देवाच्या डोक्यावर आहे बाई, हळूच टेकवतो." चिखल एवढा आहे की ऑफिसातलं दुसरं कोणी रस्ता सोडून तिकडं जातच नाही.

११ ऑगस्ट, रविवार

खुशबूचा चेहरा फुलला. मोजमाप आलं. बाकीचे खुंटे थोडेथोडे बसले, चार-पाच मिलिमीटर. मिलिमीटर म्हणजे किती? तिनं नखाची कड दाखवली. सातवा मात्र जिथं होता तिथंच. हलला नाही. साहेब खूश. म्हणे, तिकडचा दगड पक्का दिसते, दसऱ्यानंतर खांब काढणं तिथूनच सुरू करू. तिथल्या खांबांत लय चांगलं मॅगनीज अडकून आहे.

मी छाती काढून हिंडली. आमची जमीन आहे, अशी कशी बसन?

धनंजय जेवताना बोलला, "माय, खाली मले तसं वाटत नाही. सातव्याच्या खालच्या खांबाचे पापुद्रे सुटून राहिले. झाडलं तरी सकाळी पुन्हा ढीग. बोल्टच्या प्लेटी वाकून राहिल्या."

"साहेबाले सांगतलं?"

"सांगतलं. साहेब म्हणते, वरून तर काही दिसत नाही."

"मग? पोरीनं मोजलं ते खोटं, अन् तुले वाटते ते खरं काय?"

तो वरण ओरपत राहिला. माझ्या पोराले पहिल्यापासून भीती जास्त.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा झाला. बैल सजवले, शिंगांले बेगड लावलं. आज तान्हा पोळा, गल्लीत पोट्ट्यांचे लाकडी बैल. शेंदूर उरला होता, तो मीच नेऊन सातव्याले लावला. फेकाचा कायले? चांगला जाड थापला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

काही तरी बिघडलं. सातवा खुंटा वर आला.

खुशबूनं एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, मग दुर्बीण उचलून दुसऱ्या जागी मांडून मोजलं. तीन मिलिमीटर वर. बाकीचे सारे अजून खाली.

शकुनबाईले कळलं तर ती लेकाची बाई नाचाचीच बाकी राहिली. "बाबा उचलून राहिले जमीन! पाह्यलं मोठीबाई?" गावभर झालं. पुढच्या मंगळवारी मोठी पूजा ठेवली.

मले पण जरा बरंच वाटलं. खाली जाण्यापेक्षा वर आलेलं चांगलं. पण खुशबू ओसरीवर बसून कागदावर आकडे खोडून राहिली, पुन्हा लिहून राहिली. तिले म्हटलं, "वर आला तर आला. रडते काहून?"

"आजी, साहेबाले वाटते मले वाचताच येत नाही. नाही तर मी घरी बसून आकडे लिहिते."

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज मी खदानीच्या ऑफिसात गेली. कोणाले न सांगता. शिपायानं अडवलं. म्हटलं, तुह्या साहेबाचं डोकं तपासाले आली, बाजूले हो.

सुगत साहेबानं खुर्ची दिली. पोरगा सभ्य आहे, त्यामुळं भांडण नीट जमलं नाही.

मी म्हटलं, "माह्या नातीचा डोळा चांगला आहे. घरात सुईत दोरा तीच ओवते."

"आजी, तिचा डोळा चांगला असेल. पण तुम्हीच सांगा, खालून पोखरलेली जमीन वर कशी येईल?"

"मले काय विचारता? साहेब तुम्ही आहे."

"म्हणूनच विचारतो. जमीन खाली बसते, नाही तर जागेवर राहते. वर येत नाही. मग चूक कुठं तरी आहे. पट्टीत नाही, दुर्बिणीत नाही, दोन्ही तपासली. राहिली कोण?"

मी म्हटलं, "पुन्हा तपासा."

तो पुढं म्हणाला, "मी पण वाट पाहतो आजी. दिवाळीपर्यंत वेळ आहे तिला. पण चुकीच्या आकड्यावर मी माणसं खाली पाठवू शकत नाही. अन् चुकीचा आकडा देणाऱ्याला ठेवू पण शकत नाही."

यातलं शेवटचं वाक्य ऐकून मी उठून आली. त्याच्या आधीच्याकडं लक्ष गेलं ते घरी आल्यावर.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आता लिहिते ते नीट लिहिते.

सकाळी आमचा काळा बैल धुऱ्यावर सुटला अन् सातव्या खुंट्याले मान घासाले लागला. मी दगड मारून हाकलला. जवळ जाऊन पाहते तर खुंट्याच्या डोक्यावरून शेंदराची खपली निघून पडलेली. हातात घेतली. जड होती. कड पाह्यली तर थर. लाल, काळपट, लाल, पिवळट, पुन्हा लाल. माझ्या गोदड्यांसारखे. माझ्या बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जाड, अन् ती तर कडेची खपली. मधे डोक्यावर अजून तशीच घट्ट बसून होती. पितळेचं बटण कुठं दिसतच नव्हतं.

नखाची कड म्हणजे मिलिमीटर.

मी तिथंच धुऱ्यावर बसली. खुंटा वर आला नव्हता. खुंट्याले आम्ही टोपी घालून राहिलो होतो, दर मंगळवारी एकावर एक. अन् भुपेंद्र भाविक माणूस, त्या टोपीवर हळूच पट्टी टेकवत होता. ऑगस्टमधे "हलला नाही" ते पण खोटंच होतं. तो तेव्हा पण बसतच होता, टोपी त्याले बरोबरीत दाखवत होती. धनंजय बोलला तेव्हा मी त्याले भित्रा म्हटलं.

खपली पदरात बांधून घरी आणली अन् खुशबूच्या ताटाजवळ ठेवली. "हे तुहे तीन मिलिमीटर," म्हटलं.

तिनं खपली पाह्यली, कड पाह्यली, माझ्याकडं पाह्यलं. "आजी!" एवढंच ओरडली. मग म्हणे, "रस्त्यावरून लाल रंग दिसे मले. रंगच समजून राहिली मी. एकदा, फक्त एकदा जवळ जाऊन पाह्यलं असतं!" मग हसाले लागली, मग ते हसणंच आहे का रडणं ते समजेना. मी वरण वाढलं. उपाशी माणसाले नीट सुचत नाही.

जेवण झाल्यावर ती म्हणे, "आता सोपं आहे. खरवडून टाकू. जूनमधे शेंदूर नव्हता तेव्हाचा आकडा आहे आपल्याकडं. बटणावर पट्टी ठेवून आजचा घेऊ. किती बसला ते समजन."

सोपं! पोरगी शिकली, पण गाव काही शिकली नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

साहेब, खुशबू अन् भुपेंद्र पत्रा घेऊन खरवडाले आले. धुऱ्यावर वीस बाया उभ्या. पुढं शकुनबाई.

"देवाले खरवडता?"

मी म्हटलं, "कायचा देव? मी बनवला. हा पाह्य, या बोटानं. ट्रॅक्टर अडवाले."

"तुह्या बोटानं त्यानंच करवून घेतलं, मोठीबाई. तुले थोडीच अक्कल होती?"

मी साठ वर्षं भांडते, पण असा दणका बसला नव्हता.

भुपेंद्रनं पत्रा खाली ठेवला. म्हणे, माझ्यानं होणार नाही. सुगत साहेब बाजूले झाला. "तुमचा देव आहे, मी हात लावणार नाही. गावानं ठरवा. पण तोपर्यंत मी या खुंट्याचा आकडा धरू शकत नाही." खुशबूले जाता जाता म्हणे, "तुझं खरं आहे असं मला वाटतं. पण वाटून चालत नाही. वर काय दाखवू?"

दसरा जवळ आला. सुगत साहेबावरचे मोठे साहेब खांब काढाची तारीख मागून राहिले. तो किती दिवस थांबवन?

२९ सप्टेंबर, रविवार

धनंजय म्हणे, रात्री जाऊन चोरून खरवडून टाकू. मी म्हटलं, नाही. चोरून लावला तिथूनच तर हा घोळ झाला.

नाकाडोंगरीच्या बाजारात शकुनबाई दिसली. कांदे निवडत होती. माझ्याकडं पाह्यलं नाही. निवडलेलेच कांदे पुन्हा ढिगात टाकत होती. पिशवी रिकामीच. आजारी असन.

१ ऑक्टोबर, मंगळवार

भोंग्याच्या आधी मी धुऱ्यावर जाऊन बसली. भोंगा वाजला अन् शकुनबाई वाटी घेऊन आली. मले पाहून थांबली.

"अडवते काय?"

"नाही. बस."

ती उभीच राहिली. मी म्हटलं, "तू दर वेळी भोंग्यालेच काहून येते?"

"मोनू उतरते तेव्हा."

मग ती बसली अन् बोलाले लागली. मी पहिल्यांदा मधे बोलली नाही. म्हणे, मोनू घरी येऊन सांगते, छत बोलते, कडकड वाजते, खांब सोलून राहिले. नोकरी सोड म्हटलं तर सोडत नाही. देवळात जाऊन सांगतलं, तो देव गावातला आहे, त्याले खालचं काय माहीत? हा एकच आहे ज्याचे पाय जमिनीत आहेत. ज्याले पाहाले साहेब येतात, दुर्बीण लावतात. "म्हणून मी यालेच सांगते मोठीबाई. माहा एकच आहे."

एवढे महिने मी या बाईले येडी समजत होती. ती अन् मी एकाच गोष्टीसाठी या खुंट्याले शेंदूर लावत होतो. मी पोरीसाठी, ती पोरासाठी.

मी म्हटलं, "शकुनबाई, हा बोलते. खरंच बोलते. खाली जमीन हलली की हा खाली जाते अन् माही पोरगी ते वाचते. तेच त्याचं बोलणं. पण तू अन् मी त्याच्या तोंडावर जवसाचं तेल थापलं. दगडासारखं. तो ओरडून राहिला असन अन् साहेबाले ऐकू येते, सगळं ठीक आहे. त्याच जागेवरून आता खांब काढणार आहेत. तिथं तुहा मोनू अन् माहा धनंजय."

तिनं वाटीतल्या शेंदराकडं पाह्यलं. मले वाटलं आता शिव्या देईन.

"खरवडला तर कोपणार नाही ना?"

"तोंड मोकळं केल्यावर कोण कोपते?"

तिनंच कमरेचं खुरपं काढलं. दुसऱ्या कोणाले हात लावू दिला नाही. आधी माफी मागितली, मग खालून कड उचलली. टोपी एका तुकड्यात निघाली, वाटीच्या आकाराची. ती पदरात घेऊन बसली अन् मले म्हणे, "हे मी बोडीच्या पारीवर, काठाले, दगड बसवून तिथं ठेवीन. धुरेबाबा तिथून पाहीन."

म्हटलं, "ठेव. तिकडं जवस, तीळ, मोहरी, काय लावाचं ते लाव."

खाली पितळेचं बटण हिरवं पडलं होतं. मी चिंचेनं घासलं. खुशबूले बोलावणं पाठवलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज साऱ्यांसमोर मोजलं. सुगत साहेबानं स्वतः दुर्बिणीत पाह्यलं, मग खुशबूले पाहाले लावलं, दोघांचा आकडा एकच. सातवा खुंटा अकरा मिलिमीटर बसला आहे. ओळीत सगळ्यांत जास्त.

मले अकरा म्हणजे काही जास्त वाटलं नाही. पण साहेबानं वहीतला आकडा पुन्हा पाह्यला. मग फोन काढला अन् तिथंच धुऱ्यावर उभं राहून सांगतलं, "सातच्या खालचे खांब काढायचे नाहीत. माणसं बाहेर घ्या. आधी वाळूचा भराव."

त्यानं खुशबूले विचारलं, "ऑगस्टचा आकडा रद्द लिहायचा, काय लिहू कारण?"

खुशबू म्हणे, "लिहा, बटणावर थर साचला होता. अन् वाचणारीनं जवळ जाऊन तपासलं नाही. ते पण लिहा."

साहेबानं मान हलवली. मले वाटलं, गेली नोकरी. एवढं खरं बोलाले कोणी सांगतलं होतं? माझ्यावर गेली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

खाली वाळू भरणं सुरू आहे. पाण्यासोबत पाइपातून सोडतात म्हणे, पाणी निथळून जाते अन् रिकामी जागा वाळूनं गच्च होते. धनंजय म्हणे, खांबाचे पापुद्रे सुटणं कमी झालं. "माय, आता छत टेकलं. त्याले खाली पाहाले जागाच नाही."

मी त्याले म्हटलं, "तू ऑगस्टमधे बरोबर बोलला होता."

तो घास हातात धरून माझ्याकडं पाहत राहिला. जसा काही मले ताप आला.

शकुनबाईनं पारीवर दगड बसवला. आता ती मंगळवारी आधी तिथं जाते, मग सातव्या खुंट्याजवळ येऊन लांबूनच विचारते, "काय म्हणते आज?" खुशबू आकडा सांगते. शकुनबाईले आकडा समजत नाही, पण ती खुशबूचं तोंड पाहते अन् घरी जाते.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली. खुशबूले कोणी काही बोललं नाही. दिवाळीपर्यंत म्हटलं होतं, दिवाळी गेली. मी म्हटलं, विचार ना जाऊन. ती म्हणे, मी नाही विचारत. घरात सगळे चकल्या खाऊन राहिले अन् एकमेकांकडं पाहून राहिले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

धान कापणं चालू आहे. सोमवारी सुगत साहेब बांधीवर आला होता. हातात जोडे, पायाले चिखल. मले म्हणे, "आजी, तुमची नात ठेवली."

मी विळा खाली ठेवला नाही. "मले माहीत होतं," म्हटलं. माहीत काही नव्हतं.

"पण काम बदलेल. आता वरून मोजून भागणार नाही. खाली छतात भोकं पाडून तारा बसवायच्या आहेत, प्रत्येक थराला एक. कोणता थर कोणापासून सुटतो ते तारेवरून लगेच दिसतं. ते बसवायला ती खाली जाईल. दिवसाच्या पाळीत."

"तिलेच काहून?"

"आकडा चुकला तर स्वतःची चूक आधी लिहिणारं माणूस मला तिथं पाहिजे."

मी म्हटलं, "मग धान कापाले माणूस तुम्ही देजा."

तो हसला. मी मजाक केली नव्हती, माणूस खरंच कमी होता.

धनंजयले कळलं तेव्हा तो दोन दिवस तोंड पाडून होता. पोरगी खाली? अन् तिसऱ्या दिवशी पाह्यलं तर ओसरीवर बसून तिचे नवीन बूट तेल लावून नरम करून राहिला. "चावतात पहिल्यांदा," म्हणे. मी विचारलं पण नव्हतं.

१० डिसेंबर, मंगळवार

आज खुशबू पहिल्यांदा खाली गेली. डोक्यावर टोप, टोपाले दिवा, कमरेले पट्टा. तिच्या आईनं दही दिलं. मी काही दिलं नाही. "सरळ उभी राह्य," एवढं म्हटलं.

जाताना तिले विचारलं, "तू जिथं उभी राहशील तिथं वर काय येते?"

तिनं हिशोब केला. "छत. मग पापुद्र्याचा थर. मग कडक दगड, मग मुरूम, मग माती. मग आपली बोडीकडची बांधी. लाखोरी पेरली ना, तीच."

ती गेल्यावर घरात बसून काही सुचेना. म्हटलं, लाखोरी पाहून येऊ, उगवली का नाही. उगवली आहे, चांगली दाट. धुऱ्यावरून गेली, सातव्या खुंट्याजवळून, बोडीपर्यंत अन् परत. काठी टेकवली नाही, काखेत धरली. पाय पण हळूच ठेवत गेली, जसं काही कोणी खाली झोपलं आहे.

धुरा दवानं ओला होता, काठी रुतते. दुसरं काही नाही.